रक्तप्रवाह-निर्बंध आणि मध्यंतर प्रशिक्षण : दमदारपणाच्या खेळांसंबंधीच्या संशोधनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

दमदारपणाच्या खेळांचे प्रशिक्षण विसाव्या शतकात ज्या पद्धतींमुळे बदलले, त्यांत मध्यंतर प्रशिक्षण, म्हणजेच मैदानावर रूढ असलेले इंटरव्हल ट्रेनिंग, अग्रभागी आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि वैद्य हर्बर्ट राइंडेल यांनी या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. गेर्श्लर यांचे शिष्य रुडॉल्फ हार्बिग यांनी १९३९ मध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. पुढे एमिल झाटोपेक यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या, तेव्हा तीव्र धाव आणि अल्प विश्रांती यांच्या पुनरावृत्तीवर आधारलेल्या त्यांच्या सरावाची जगभर चर्चा झाली.

या प्रस्थापित पद्धतीला गेल्या काही वर्षांत एक नवी जोड देण्याचा प्रयत्न होत आहे. मांडीच्या वरच्या भागाला हवा भरलेला पट्टा बांधून पायाकडे जाणाऱ्या व पायातून परतणाऱ्या रक्ताचा प्रवाह काही काळ मर्यादित करावयाचा आणि त्या अवस्थेत, किंवा तीव्र फेरी संपताच, स्नायूंना अधिक ताण द्यावयाचा, असे या जोडपद्धतीचे स्वरूप आहे. तिला येथे रक्तप्रवाह-निर्बंध असे म्हटले आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेचे जलतरणपटू मायकेल अँड्र्यू आणि मॅरेथॉनपटू गॅलेन रप यांच्या सरावाच्या निमित्ताने हे पट्टे सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. प्रसिद्ध खेळाडूने वापरलेली गोष्ट प्रशिक्षकांच्या कुतूहलाचा विषय होणे स्वाभाविक आहे. परंतु कुतूहल आणि पुरावा या भिन्न बाबी आहेत. आधीच उत्तम तयारी असलेल्या क्रीडापटूला या जोडपद्धतीने शर्यतीत खरोखर लाभ होतो काय, या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध संशोधनातच शोधले पाहिजे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) रक्तप्रवाह-निर्बंध पद्धतीचा उगम व तिचा शरीरक्रियात्मक आधार स्पष्ट करणे.
२) मध्यंतर प्रशिक्षणाशी या पद्धतीची सांगड घालणाऱ्या प्रमुख अभ्यासांच्या निष्कर्षांची चिकित्सा करणे.
३) या संशोधनाच्या आधारे महाविद्यालयीन क्रीडाविभागांनी कोणती भूमिका घ्यावी याचा विचार करणे.

पद्धतीचा उगम आणि शरीरक्रियात्मक आधार

या पद्धतीचे मूळ जपानमध्ये आहे. योशिआकी सातो हे तरुण १९६६ मध्ये एका बौद्ध स्मृतिविधीसाठी गुडघे दुमडून, आपल्याकडील वज्रासनासारख्या पारंपरिक बैठकीत, दीर्घकाळ बसले होते. पोटऱ्यांना आलेला बधिरपणा आणि फुगीरपणा त्यांना व्यायामानंतरच्या स्थितीसारखा वाटला. या निरीक्षणावरून त्यांनी स्वतःवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि त्यातून पुढे 'कात्सु' या नावाने ओळखली जाणारी पद्धत साकारली.

पट्ट्याचा दाब मध्यम असताना प्रथम परिणाम होतो तो त्वचेलगतच्या आणि तुलनेने कमी दाबाच्या नीलांवर. हृदयाकडे परतणारे रक्त पायात साचू लागते. रोहिण्यांतून येणारा प्रवाह पूर्ण थांबत नाही, मात्र तो घटतो. परिणामी काम करणाऱ्या स्नायूला ऑक्सिजनची उणीव भासते, चयापचयातून निर्माण होणारे पदार्थ तेथेच साचतात आणि कमी भारावरही स्नायू लवकर थकतो. पट्टा सोडताच रक्ताचा लोंढा वाहिन्यांतून वेगाने जातो व वाहिन्यांच्या आतील अस्तरावर घर्षणाचा ताण पडतो. ऑक्सिजनची उणीव आणि हा ताण या दोन्ही गोष्टी नव्या केशवाहिन्यांच्या निर्मितीला चालना देऊ शकतात, असे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन तर्कसंगत आहे. तथापि, तर्कसंगत यंत्रणा सांगता येणे म्हणजे अपेक्षित परिणाम सिद्ध होणे नव्हे. या क्षेत्रातील लेखनात या दोन पायऱ्यांमधील अंतर अनेकदा पुसट होते. पुढील चिकित्सेत तेच अंतर मध्यवर्ती आहे.

शक्तिप्रशिक्षणाकडून दमदारपणाकडे

या पद्धतीची पहिली शास्त्रीय प्रतिष्ठा शक्तिप्रशिक्षणातून आली. टाकारादा व सहकाऱ्यांनी २००० मध्ये वयस्क स्त्रियांवर सोळा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी भार आणि रक्तप्रवाहाचा निर्बंध यांच्या संयोगाने दंडाच्या स्नायूंचा आकार व शक्ती वाढते, असे त्यातून दिसले. जड वजन उचलणे ज्यांना शक्य नाही अशांसाठी ही बाब मोलाची होती. ताकाशी आबे व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडीला पट्टा बांधून केवळ संथ चालण्याचा सराव तीन आठवडे दिला. तेवढ्यानेही मांडीच्या स्नायूंचा आकार व शक्ती वाढल्याचे त्यांनी नोंदविले.

आबे यांच्याच गटाने २०१० मध्ये सायकलिंगचा अभ्यास केला. कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेच्या ४० टक्के इतक्या सौम्य तीव्रतेने, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे सराव झाला. पट्टा बांधलेल्या गटाने प्रत्येक वेळी १५ मिनिटे, तर पट्टा नसलेल्या गटाने ४५ मिनिटे सायकल चालविली. कमी वेळ सराव करूनही पहिल्या गटाची ग्रहणक्षमता ६.४ टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी पार्क व सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंना दोन आठवडे पट्टा बांधून चढावर चालण्याचा सराव दिला आणि ग्रहणक्षमतेत ११.६ टक्के वाढ नोंदविली. मात्र या अभ्यासात प्रायोगिक गटात सात आणि नियंत्रित गटात पाच, असे अवघे बारा खेळाडू होते.

या अभ्यासांचे महत्त्व मान्य करूनही एक मर्यादा स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. त्यांत निर्बंधाची तुलना संथ चालण्याशी अथवा सौम्य सायकलिंगशी आहे. दमदारपणाचा स्पर्धक क्रीडापटू केवळ संथ चालून तयार होत नाही. तो तीव्र मध्यंतर प्रशिक्षण करीतच असतो. त्यामुळे त्याच्यासाठी खरा प्रश्न 'काहीच नसण्यापेक्षा पट्टा बरा काय' हा नसून 'चांगल्या मध्यंतर प्रशिक्षणात पट्ट्याने काही भर पडते काय' हा आहे.

हा प्रश्न सरळ विचारणाऱ्या अभ्यासांत डी ऑलिव्हेरा व सहकाऱ्यांचा २०१६ मधील अभ्यास उल्लेखनीय आहे. सदतीस सक्रिय तरुणांची चार गटांत विभागणी करण्यात आली : निर्बंधासह सौम्य मध्यंतर प्रशिक्षण, तीव्र मध्यंतर प्रशिक्षण, या दोहोंचा संयोग आणि निर्बंधाविना सौम्य प्रशिक्षण. चार आठवड्यांनंतर कमाल ग्रहणक्षमतेतील सरासरी वाढ निर्बंधासह सौम्य गटात ५.६ टक्के, तीव्र गटात ९.२ टक्के आणि संयुक्त गटात ६.५ टक्के होती. स्नायूंची शक्ती मात्र केवळ निर्बंधासह सौम्य गटात वाढली. या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. सौम्य सरावाला निर्बंधाची जोड दिल्यास तो बराच परिणामकारक होतो, हे खरे. परंतु तीव्र सराव करू शकणाऱ्याला संयोगाने अधिक लाभ झाला, असे त्यातून दिसत नाही.

लफबरो येथील दोन अभ्यास

प्रशिक्षित क्रीडापटूंच्या बाबतीत सर्वाधिक उद्धृत होणारे दोन अभ्यास इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील रिचर्ड फर्ग्युसन यांच्या गटाचे आहेत. त्यांच्या आराखड्यात एक चतुर विचार आहे. तीव्र फेरीच्या वेळीच पट्टा आवळला तर खेळाडूची शक्ती घटते आणि सरावाची तीव्रताच नाहीशी होते. म्हणून त्यांनी ३० सेकंदांची संपूर्ण ताकदीची सायकल-फेरी मोकळ्या पायाने घेतली आणि फेरी संपताच विश्रांतीच्या काळात पट्टा आवळला. मध्यंतर प्रशिक्षणातील 'मध्यंतर' या घटकालाच प्रशिक्षणाचे साधन बनविण्याचा हा प्रयत्न होय.

टेलर, इंगॅम व फर्ग्युसन यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रशिक्षित व्यक्तींनी आठवड्यातून दोनदा असा सराव चार आठवडे केला. निर्बंध गटाची कमाल ग्रहणक्षमता ४.५ टक्क्यांनी वाढली, तर केवळ तीव्र फेऱ्या करणाऱ्या गटात बदल झाला नाही. तथापि १५ किलोमीटर सायकलिंगच्या वेळेत दोहोंपैकी कोणत्याही गटात फरक पडला नाही. याच लेखाच्या दुसऱ्या भागात आठ जणांच्या स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासण्यात आले. ऑक्सिजनच्या उणिवेला प्रतिसाद देणाऱ्या एका नियामक घटकाच्या जनुकीय संदेशात सरावानंतर तीन तासांनी वाढ दिसली, आणि ती निर्बंधासह केलेल्या सरावातच दिसली.

मिचेल व सहकाऱ्यांचा २०१९ मधील अभ्यास याच आराखड्याचा पुढील टप्पा होता. सरासरी ६२.८ मिलिलिटर प्रति किलोग्रॅम प्रति मिनिट इतकी ग्रहणक्षमता असलेले एकवीस पुरुष सायकलपटू त्यात सहभागी झाले. निर्बंध गटात अकरा आणि नियंत्रित गटात दहा जण होते. या वेळी 'क्रांतिक शक्ती' हे मापन समाविष्ट केले गेले. क्रांतिक शक्ती म्हणजे शरीराचा समतोल न ढळता दीर्घकाळ टिकवता येणाऱ्या कामाची वरची सीमा. दीर्घ शर्यतीतील कामगिरीशी तिचा निकटचा संबंध असल्याने हे मापन निवडणे योग्यच होते.

निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. निर्बंध गटाची ग्रहणक्षमता ५.९ टक्क्यांनी वाढली, नियंत्रित गटाची वाढली नाही. परंतु क्रांतिक शक्ती नियंत्रित गटात २८७ वॅटवरून २९७ वॅटवर गेली आणि निर्बंध गटात २९६ वॅटवरून ३०६ वॅटवर गेली. दोन्ही गटांची सरासरी वाढ प्रत्येकी १० वॅट, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के, इतकी सारखी आहे. शिवाय केशवाहिन्यांची संख्या किंवा तंतुकणिकांतील प्रथिने यांत कोणत्याही गटात बदल आढळला नाही. स्वतः संशोधकांनीही क्रांतिक शक्तीत निर्बंधामुळे अधिक भर पडली नाही, हे प्रांजळपणे नमूद केले आहे.

प्रयोगशाळेतील आकडा आणि शर्यतीतील वेळ

या दोन्ही अभ्यासांतून एकच चित्र उभे राहते. पट्ट्याने प्रयोगशाळेतील आकडा वाढला, पण शर्यतीच्या जवळ जाणारे मापन पट्ट्यामुळे पुढे सरकले नाही. या विसंगतीकडे 'अधिक संशोधनाची गरज आहे' असे म्हणून दुर्लक्ष करणे उचित नाही. तिचा अर्थ लावणे हेच समीक्षेचे काम आहे.

कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता ही संकल्पना ए. व्ही. हिल यांच्या १९२० च्या दशकातील संशोधनातून पुढे आली आणि तेव्हापासून दमदारपणाचे प्रमुख मापन म्हणून तिला मान्यता मिळाली. मात्र ती कामगिरीचा एकमेव आधार नाही. मायकेल जॉयनर यांनी १९९१ मध्ये मॅरेथॉनच्या संभाव्य सर्वोत्तम वेळेचे गणित मांडताना तीन घटक घेतले होते : कमाल ग्रहणक्षमता, तिचा किती भाग दीर्घकाळ वापरता येतो हे ठरविणारी लॅक्टेटची मर्यादा आणि धावण्यातील काटकसर. या तिन्ही घटकांच्या आदर्श संयोगातून त्यांनी १ तास ५७ मिनिटे ५८ सेकंद ही वेळ काढली. या मांडणीचा अर्थ असा की एक घटक वाढला आणि त्याच वेळी वापरात येणारा भाग तेवढ्या प्रमाणात वाढला नाही, तर शर्यतीतील वेळ जवळपास तीच राहू शकते. मिचेल यांच्या अभ्यासातील आकडे या शक्यतेशी जुळतात.

याच्या नेमके उलट उदाहरणही उपलब्ध आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बर्गोमास्टर, गिबाला व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीव्र फेऱ्यांची केवळ सहा सत्रे दोन आठवड्यांत दिली. ठरावीक तीव्रतेवर सायकल चालविण्याची सरासरी क्षमता २६ मिनिटांवरून ५१ मिनिटांवर गेली, परंतु ग्रहणक्षमतेची कमाल पातळी बदलली नाही. तेथील सहभागी सर्वसाधारण सक्रिय व्यक्ती होत्या, हे खरे. तरीही एकीकडे आकडा स्थिर राहून टिकाव दुपटीच्या जवळ जातो आणि दुसरीकडे आकडा वाढूनही वेळ जागच्या जागी राहते, ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की केवळ ग्रहणक्षमतेच्या वाढीवरून क्रीडापटूला लाभ झाल्याचा निर्णय देणे किती अपुरे आहे हे ध्यानी येते.

यंत्रणेच्या बाबतीतही साखळीचा एक दुवा निखळलेला दिसतो. २०१६ च्या अभ्यासातील जनुकीय संदेशावरून नव्या केशवाहिन्यांची अपेक्षा निर्माण झाली. २०१९ च्या अभ्यासात त्या वाहिन्या वाढलेल्या आढळल्या नाहीत. आठ सत्रांचा सराव रचनात्मक बदलासाठी अपुरा असेल, असे म्हणता येईल. परंतु मग ग्रहणक्षमतेतील ५.९ टक्के वाढ कोठून आली, हा प्रश्न शिल्लक राहतो. फिक यांच्या १८७० मधील तत्त्वानुसार शरीराने घेतलेला प्राणवायू हा हृदयाने पुढे ढकललेले रक्त आणि रोहिणी व नीला यांतील प्राणवायूच्या प्रमाणातील फरक यांचा गुणाकार असतो. स्नायूंत बदल दिसत नसेल तर शोध हृदयाच्या कार्याकडे व रक्ताच्या आकारमानाकडे वळवावा लागतो. म्हणजेच ज्या यंत्रणेच्या बळावर पद्धतीचा पुरस्कार होतो, त्या यंत्रणेने निदान या अभ्यासात मोजलेल्या परिणामाचे स्पष्टीकरण मिळत नाही.

क्रिस्टियनसेन व सहकाऱ्यांचा २०२० मधील अभ्यास येथे प्रतिपक्ष म्हणून मांडता येईल. दहा पुरुषांनी सहा आठवडे मध्यंतर सायकलिंग केले. प्रत्येकाच्या एका पायाला सुमारे १८० मिलिमीटर पारा इतका दाब दिला गेला आणि दुसरा पाय मोकळा होता. निर्बंध असलेल्या बाजूच्या मांडीतील मुख्य रोहिणीचा व्यास आणि मांडीला होणारा ऑक्सिजनचा पुरवठा वाढला. एकाच व्यक्तीचे दोन पाय परस्परांशी ताडून पाहिल्याने व्यक्तिभेदाचा प्रश्न येथे उरत नाही, हा या आराखड्याचा मोठा गुण आहे. परंतु एका पायाच्या व्यायामात हृदयावर कमाल ताण येत नाही. धावताना, वल्हवताना किंवा सायकल शर्यतीत मोठ्या स्नायुसमूहांना एकाच वेळी रक्त पुरविण्याची हृदयाची क्षमता मर्यादा घालते. त्यामुळे एका पायावरील लाभ संपूर्ण शरीराच्या शर्यतीत तसाच उतरेल, असे गृहीत धरता येत नाही.

संशोधन आराखड्याची चिकित्सा

प्रस्तुत विषयावरील अभ्यासांत काही पद्धतिशास्त्रीय मर्यादा वारंवार आढळतात.

पहिली मर्यादा तुलनेच्या भाषेची आहे. 'निर्बंध गटात वाढ लक्षणीय होती, नियंत्रित गटात नव्हती' अशी मांडणी या लेखांच्या सारांशांत आढळते. एका गटातील बदल लक्षणीय असणे आणि दुसऱ्यातील नसणे यावरून दोन गटांतील फरक लक्षणीय ठरत नाही, हे गेलमन व स्टर्न यांनी २००६ मध्ये स्पष्टपणे दाखवून दिले आहे. दहा-अकरा जणांच्या गटात ही दक्षता अधिकच आवश्यक असते. सारांशावर न थांबता गटांमधील थेट फरक वाचकाने पाहिला पाहिजे.

दुसरी मर्यादा अपेक्षेच्या प्रभावाची आहे. मांडीला पट्टा आवळला आहे की नाही हे सहभागी व्यक्तीपासून लपविता येत नाही. ग्रहणक्षमतेची चाचणी थकून थांबेपर्यंत चालते, म्हणजे ती काही अंशी सहभागीच्या निश्चयावर अवलंबून असते. पट्ट्याच्या वेदना चार आठवडे सोसलेली व्यक्ती अंतिम चाचणीत अधिक काळ तग धरण्याची शक्यता नाकारता येत नाही. या आक्षेपालाही एक उत्तर आहे : तसे असते तर १५ किलोमीटरची वेळ व क्रांतिक शक्ती यांतही निर्बंध गट पुढे गेला असता. म्हणून ही शक्यता अंतिम स्पष्टीकरण ठरत नाही. परंतु सौम्य दाबाचा नाममात्र पट्टा बांधलेला तिसरा गट ठेवल्याशिवाय ती बाजूलाही सारता येत नाही.

तिसरी मर्यादा नमुन्याची आहे. आबे, पार्क, मिचेल आणि क्रिस्टियनसेन यांच्या उपरोक्त अभ्यासांतील सहभागी पुरुष आहेत. या निष्कर्षांचे स्त्री खेळाडूंवर सरसकट आरोपण करणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही.

या पार्श्वभूमीवर हेल्ड, बेरिंगर व डोनाथ यांचा २०२० मधील अभ्यास तुलनेने भक्कम वाटतो. एकतीस उच्च दर्जाच्या नौकानयनपटूंनी पाच आठवडे सौम्य वल्हवण्याचा सराव केला. पट्ट्यासह सराव करणाऱ्यांची ग्रहणक्षमता सरासरी ९.१ टक्के, तर पट्ट्याविना सराव करणाऱ्यांची २.५ टक्के वाढली. मात्र येथेही निर्बंध सौम्य सरावाला जोडलेला आहे, तीव्र मध्यंतराला नव्हे. तसेच या अभ्यासात लवचिक पट्ट्या गुंडाळून दाब दिला गेल्याने प्रत्येक खेळाडूच्या मांडीवर नेमका किती दाब पडला हे पाऱ्याच्या मापात निश्चित होत नाही. म्हणजे सर्वांत अनुकूल पुरावा पुन्हा सौम्य सरावाच्याच बाजूचा आहे, ही बाब लक्षणीय आहे.

दाब, पट्टा आणि सुरक्षितता

औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगणे जसे निरर्थक, तसेच दाबाचा तपशील न देता निर्बंधाचा सल्ला देणेही होय. रोहिणीतील प्रवाह पूर्णपणे थांबविण्यास लागणारा दाब मांडीचा घेर, पट्ट्याची रुंदी आणि व्यक्तीचा रक्तदाब यांनुसार बदलतो. रुंद पट्टा कमी दाबावरही प्रवाह रोखतो. म्हणून सर्वांना सारखाच, उदाहरणार्थ १३० किंवा १८० मिलिमीटर, दाब दिल्यास बारीक मांडीच्या धावपटूवर व भरदार मांडीच्या सायकलपटूवर होणारा परिणाम सारखा राहत नाही. पॅटर्सन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक निवेदनात व्यक्तिगणिक पूर्णरोध दाब मोजून त्याच्या ४० ते ८० टक्के दाब वापरावा, असे सुचविले आहे. हे मोजमाप करण्यासाठी योग्य उपकरण व प्रशिक्षित व्यक्ती लागते.

सुरक्षिततेविषयी नाकाजिमा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जपानमधील सुमारे १३ हजार व्यक्तींविषयीचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात त्वचेखालील रक्तस्राव १३.१ टक्के, बधिरपणा १.३ टक्के, नीलेत गुठळी ०.०५५ टक्के आणि फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे ०.००८ टक्के असे प्रमाण आढळले. गंभीर घटना विरळ आहेत, हे यावरून दिसते. परंतु ही आकडेवारी मुख्यतः जाणकारांच्या देखरेखीखालील वापराची आहे. क्रेप बँडेज किंवा सायकलची ट्यूब अंदाजाने आवळण्याला ती लागू करता येणार नाही. शिवाय स्नायुपेशींच्या विघटनाची काही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविली गेली आहेत. मुळातच स्नायूंवर मोठा आघात करणाऱ्या तीव्र फेऱ्यांना निर्बंधाची जोड देताना हा धोका ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

महाविद्यालयीन क्रीडाविभागाच्या दृष्टीने

आंतरमहाविद्यालयीन व आंतरविद्यापीठीय स्पर्धांसाठी दीर्घ पल्ल्याचे धावपटू तयार करणाऱ्या शारीरिक शिक्षण संचालकांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ही पद्धत उपयुक्त आहे काय. आणि दुसरा, ती उपयुक्त असली तरी आपल्या परिस्थितीत प्राधान्याची आहे काय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीनुसार वेगवेगळे आहे. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या दुखापतीमुळे खेळाडूला काही आठवडे जोराने धावता येत नसेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली संथ चालणे किंवा सौम्य सायकलिंग यांना निर्बंधाची जोड देणे विचारार्ह आहे. तेथे पर्याय तीव्र सरावाचा नसून विश्रांतीचा असतो आणि उपलब्ध पुरावा त्या तुलनेत अनुकूल आहे. परंतु निरोगी खेळाडूच्या मध्यंतर प्रशिक्षणात पट्ट्याने शर्यतीतील वेळ सुधारते, असे आजच्या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. विद्यार्थी-खेळाडूचा वेळ, आहार आणि झोप यांवर अभ्यासाचा, प्रवासाचा व अनेकदा घरच्या कामाचाही भार असतो. अशा खेळाडूला सरावातील सातत्य, मध्यंतरांची नियोजित चढती मात्रा आणि पुरेशी विश्रांती यांतून मिळणारा लाभ अद्याप पुरता पदरात पडलेला नसतो. पायाभूत घटकांची उणीव उपकरणाने भरून निघत नाही. वैद्यकीय तपासणीची व दाब मोजण्याची सोय नसताना पट्टे बांधणे म्हणजे अनिश्चित लाभासाठी निश्चित जबाबदारी पत्करणे होय, आणि तिची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) रक्तप्रवाह-निर्बंधामुळे सौम्य सरावाची परिणामकारकता वाढते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे.
२) तीव्र फेऱ्यांनंतरच्या निर्बंधाने प्रशिक्षित सायकलपटूंची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता वाढल्याचे दोन अभ्यासांत नोंदविले गेले, परंतु १५ किलोमीटरची वेळ व क्रांतिक शक्ती यांत पट्ट्यामुळे अधिक भर पडली नाही.
३) केशवाहिन्यांच्या वाढीची अपेक्षित यंत्रणा चार आठवड्यांच्या प्रत्यक्ष सरावानंतर दिसून आली नाही, त्यामुळे ग्रहणक्षमतेतील वाढीचे कारण अद्याप अनुत्तरित आहे.
४) लहान गट, स्त्रियांचा अल्प सहभाग, नाममात्र पट्ट्याच्या गटाचा अभाव आणि दाबाच्या मापनातील भिन्नता यांमुळे निष्कर्षांचे सामान्यीकरण करता येत नाही.
५) वैयक्तिक दाबमापन व वैद्यकीय तपासणी यांची सोय नसल्यास महाविद्यालयीन स्तरावर या पद्धतीचा अवलंब करू नये.

या विषयावरील पुढील संशोधनाने ग्रहणक्षमतेच्या टक्क्यांवर न थांबता प्रत्यक्ष शर्यतीतील वेळ हीच मुख्य फलश्रुती मानली पाहिजे, तसेच अभ्यासाचा कालावधी आठ सत्रांच्या पलीकडे नेला पाहिजे. तोपर्यंत प्रशिक्षकाने एखाद्या अभ्यासाचे शीर्षक वाचून सराव न बदलता, त्या अभ्यासात नेमके काय मोजले आणि ते आपल्या खेळाडूच्या शर्यतीशी कितपत जुळते, हे प्रथम तपासावे. क्रीडाविज्ञानाचा अध्यापक या नात्याने विद्यार्थ्यांना हीच चिकित्सक सवय लावणे अधिक उपयोगाचे ठरेल.